डावा धाकटीचा

थोरलीनं चौथा हातमोजा विणून संपवला, लोकरीचं टोक आत ओढून गाठ मारली, मोजा डाव्या हातात चढवला आणि तो उजवा निघाला.

उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात चढत नाही असं नाही. चढतो. फक्त हाताच्या पाठीवर यायची ती वेणी तळहातावर येते आणि माणूस सारखा दोरखंड धरून उभा असल्यासारखा दिसतो. थोरलीनं हात फिरवून फिरवून पाहिला. वेणी सुरेख पडली होती, मनगटाची पट्टी घट्ट बसली होती, एकही टाका सुटला नव्हता. मोजा काही केल्या डावा होत नव्हता.

"चार झाले," घड्याळजी म्हणाले. घड्याळजी म्हणजे तिचे यजमान. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की ते वर येऊन बायकोच्या कामात लक्ष घालत. गिऱ्हाईक बहुधा नसे. "चार उजवे. आता डावा हात खिशात घालून हिंडणारी चार माणसं शोधायला हवीत."

"तुम्हाला दुकानात काही काम नाही का?"

"एक घड्याळ आलंय. पण ते चालतंय."

आता कुणी म्हणेल, साठीला आलेली बाई, कळायला लागल्यापासून हातात सुया, आणि तिला साधा डावा मोजा विणता येऊ नये? तर नाही येत. या घरात डावा मोजा हे थोरलीचं काम नव्हतंच कधी. डावा धाकटीचा.

याला कारण त्यांची आई. आईचे हातमोजे सगळ्या गल्लीच्या हातांत असायचे. पाच बोटांच्या मोज्यांवर तिचा विश्वास नव्हता. "पाची बोटं सारखी नसतात," ती म्हणायची, "म्हणून चौघींना एका घरात ठेवावं, एकमेकींच्या उबेनं राहतात. अंगठ्याला तेवढं वेगळं बिऱ्हाड करून द्यावं." थोरलीचं लग्न झाल्यावर आई हे वाक्य जावयाकडे बघून म्हणायला लागली. घड्याळजींना वरचा मजला मिळाला तो असा.

तर या आईनं दोघी मुलींना विणायला बसवलं तेव्हा आधी कुणाचा मोजा पुरा होतो यावरून रोज हातघाई व्हायची. थोरलीचा पुढे गेला की धाकटी तिची एक सुई उपसून घ्यायची, आणि सुई उपसली की टाके पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात. आईनं कुणालाच मारलं नाही. तिनं थोरलीला फक्त उजवा शिकवला आणि धाकटीला फक्त डावा. "आता लावा शर्यत," ती म्हणाली. एकीचा आधी झाला तरी दुसरीचा होईपर्यंत तो कुणाच्याच उपयोगाचा नसे, म्हणून शर्यत आपोआप बंद पडली. पुढे लग्नं झाली. थोरली वर राहिली, धाकटी तळमजल्यावर दुकानाच्या मागच्या खोल्यांत आईजवळ, तरी जोड व्हायचा तो दोघींचा मिळूनच. दुसरा हात शिकून घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही. जेवताना दुसऱ्याचा घास कसा गिळायचा हे कुणी शिकून घेतं का?

बाकी मोजा तोच. मनगटाला दोन सुलट दोन उलट अशी पट्टी, म्हणजे ताणली तर ताणते आणि सोडली की मनगटाला धरून बसते. पट्टी संपली की हाताच्या पाठीवर वेणी. वेणीला पीळ द्यायचा तर काही टाके छोट्या सुईवर घेऊन बाजूला धरायचे, त्यांच्या पुढचे आधी विणून घ्यायचे आणि मग धरलेले विणायचे. धरलेले टाके मागच्या बाजूला ठेवले की पीळ उजवीकडे वळतो. पुढच्या बाजूला ठेवले की डावीकडे. थोरली मागे धरायची, धाकटी पुढे. स्वभावही तसेच पडले. धाकटीच्या मनात काही आलं की ते लगेच सगळ्यांच्या पुढ्यात असे. थोरली मागचं धरून बसे.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी आई गेली. वाटणी करायला दोघी बसल्या तेव्हा भांडण होईल म्हणून घड्याळजी मुद्दाम हजर राहिले. भांडण झालं नाही. पलंग, कपाट, आरामखुर्ची, भांडी, सगळं "तू घे", "नको, तूच घे" असं म्हणत म्हणत वाटून झालं. मग खिडकीतल्या डब्यातून आईच्या सुया निघाल्या. दोन्हीकडून टोकदार, वापरून वापरून मधोमध किंचित वाकलेल्या, हाताला लोण्यासारख्या लागणाऱ्या पाच सुया. चार सुयांवर मोजा राहतो आणि पाचवी विणत फिरते. पाचाला दोनानं भाग जात नाही.

"तीन माझ्या," थोरली म्हणाली. "मी मोठी आहे."

"आईनं कधी डावं-उजवं केलं नाही," धाकटी म्हणाली. "तू मात्र केलंस."

खरं पाहता आईनं जन्मभर डाव्या-उजव्याशिवाय दुसरं काही केलंच नव्हतं. हे घड्याळजींनी तिथल्या तिथं बोलून दाखवलं, आणि त्यांना खोलीबाहेर घालवण्यावर दोघी बहिणींचं जे एकमत झालं ते शेवटचं.

"उलट बोलू नकोस," दार लागल्यावर थोरली म्हणाली.

"आजवर सुलटच बोलले. काय मिळालं? दोन सुया."

त्या दिवसापासून दोघी बोलेनाशा झाल्या. जिन्यात समोरासमोर आल्या की एकीला कठडा न्याहाळायचा असे आणि दुसरीला छत. निरोप असला तर घड्याळजी पोचवत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभालाही काही झालं नव्हतं. थोरलीचा एकेक मोजा विणून टोपलीत पडत राहिला. गल्लीतल्या लोकांनी दुकानातून मोजे घेतले, पाच बोटांचे, आणि थोरलीला दिसले की ते हात मागे लपवू लागले.

हे असंच चाललं असतं. पण बुटकीला नोकरी लागली.

बुटकी धाकटीची मुलगी. तिला हे नाव पडलं तेव्हा ती खरोखरच बुटकी होती. पुढे ती वाढत गेली ती थांबेचना, पण नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही. तिचा बाप बोटीवर खलाशी, घरी असण्यापेक्षा नसण्याबद्दलच प्रसिद्ध. आई दिवसभर कारखान्यात. म्हणून बुटकी वाढली ती वरच्या मजल्यावर, मावशीच्या हाताखाली. थोरलीला मूलबाळ नव्हतं. बुटकी होती. थंडी पडली की त्या पोरीची बोटं लाल होऊन गाजरासारखी सुजायची, आणि ती रडत आली की थोरली तिचे दोन्ही हात आपल्या काखेत धरून बसायची, स्वयंपाक करपला तरी उठायची नाही. घड्याळजींनी त्या काळात बरंच करपलेलं खाल्लं.

तर बुटकी एका दुपारी वर आली. दारात वाकली, तरी चौकट कपाळाला लागलीच.

"मावशी, घाटातल्या मशीनवर घेतलं मला. रस्त्यावरचं बर्फ हटवायचं. वसंत लागेपर्यंत तिकडंच राहायचं."

"मशीनमध्ये ऊब असते ना?"

"आत असते. मशीन अडकलं की खाली उतरावं लागतं."

"कितीदा अडकतं?"

"ते नाही विचारलं मी." बुटकीनं आपली बोटं एकमेकांत अडकवली. ती अजूनही थंडीत सुजायची. "दुकानातले मोजे घालून बघितले. एकेक बोट वेगळं गारठतं. मला आपल्या घरचा जोड पाहिजे. वेणीचा."

"विणते की."

"आणि डावा?"

"विणते म्हटलं ना."

रविवारी सकाळी निघायचंय, एवढं सांगून ती जिना उतरून गेली.

आता थोरलीला या जगात एकच गोष्ट हवी होती. बुटकीनं घाटात जावं ते मावशीच्या हातचा अख्खा जोड घालून. अर्धा नाही. आणि तो जोड करायला आपल्याला खाली जाऊन, दार वाजवून, "एक डावा दे" असं म्हणावं लागू नये. धाकटीनं दार उघडलं नाही तर? आणि उघडून, काय पाहिजे असं परक्यासारखं विचारलं तर?

पहिला डावा तिनं नुसत्या निश्चयावर विणायला घेतला. डोकं डावा म्हणत होतं, हात उजवा विणत होते, आणि मोजा हातांनी विणतात. दुसऱ्या वेळी तिनं डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून घेतला. दोऱ्याकडे बघण्यात लक्ष गेलं, हातांना मोकळं रान मिळालं, त्यांनी जरा जास्तच चांगला उजवा विणला. तिसऱ्या वेळी घड्याळजींना समोर आरसा धरून उभं केलं. आरशात पाहून विणलं की उजव्याचा डावा होईल हा तिचा तर्क. आरशात तो डावा दिसतही होता. घड्याळजींचे हात भरून आले आणि आरसा खाली ठेवला, तेव्हा तो उजवा झाला.

"घड्याळात एखादा स्क्रू उलट्या आट्याचा असतो," चौथ्या वेळी घड्याळजींनी सल्ला दिला. "तो सोडवताना मी मनात म्हणतो, की मी हा आवळतोय. तू मनात म्हण, मी उजवा विणतेय."

थोरलीनं मनात म्हटलं, मी उजवा विणतेय. आणि विणला. तोच हा चौथा.

सुयाही धड नव्हत्या. दुकानात नव्या सुयांची पाचाची जुडी मिळते, ती तिनं आणलीही होती. पण ती आईच्या तीन आणि जुडीतल्या दोन अशाच विणायची. आईच्या सुयांवर टाके बसून राहायचे, नव्यांवरून घसरायचे, त्यामुळे मोज्याच्या दोन बाजू घट्ट आणि दोन सैल यायच्या. सगळ्या नव्या का घेत नाहीस, असं घड्याळजींनी एकदा विचारलं. त्यावर तिनं त्यांना दुकानात पिटाळलं.

चौथा मोजा टोपलीत टाकून थोरली खुर्चीत बसून राहिली. रविवार जवळ आला होता. खिडकीखाली आईची आरामखुर्ची होती, आई खाली राहायला गेली तेव्हा वरच राहिलेली. वाटणीत ती धाकटीला गेली होती, पण जिन्यात अडकेल म्हणून खाली नेली नव्हती, आणि नंतर कोण नेणार? धाकटी वर विणायला यायची तेव्हा त्याच खुर्चीत बसायची. एक पाय अंगाखाली दुमडून, शाल एका खांद्यावरून घसरलेली, आणि तोंडानं गुणगुणत. त्या गुणगुणण्याला ना शब्द ना धड चाल. एका जागी येऊन ते अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पन्नास वर्षं थोरलीचं डोकं उठलं होतं त्यानं.

डावा आपल्याला येणार नाही, थोरलीच्या लक्षात आलं. डावा धाकटीला येतो.

ती उठली आणि आरामखुर्चीत जाऊन बसली. पाय अंगाखाली घेतला. गुडघ्यानं तक्रार केली, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. शाल एका खांद्यावरून पाडली. पट्टीचे टाके घातले, दोन सुलट, दोन उलट. पट्टी संपली, वेणीची जागा आली, आणि हात सवयीनं टाके घेऊन मागे निघाले. तेव्हा तिनं इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाहीसं बघून घसा साफ केला आणि गुणगुणायला लागली.

चाल तिला पाठ होती. कुठं अडकते तेही पाठ होतं. तिथं आल्यावर धाकटी थांबायची, जिभेचं टोक बाहेर काढायची आणि पीळ द्यायची. थोरली थांबली. जिभेचं टोक बाहेर काढलं. हात पुढे आले. टाके पुढे धरले गेले, पुढचे आधी विणले, मग धरलेले.

पीळ डावीकडे वळला.

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. मग पुढची ओळ, मग पुढची, आणि गुणगुणणं थांबवलं की हात पुन्हा मागे जायला बघत, म्हणून ते चालूच ठेवावं लागलं. वेणी काही सरळ नव्हती. कुठं आवळलेली, कुठं झोपलेली. पण ती डावी होती.

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. घड्याळजी ट्रे घेऊन आले. ट्रेमध्ये तीन कप चहा होता. त्यांनी खोलीत पाहिलं, आरामखुर्चीकडे पाहिलं, दाराआड वाकून पाहिलं.

"धाकटी कुठंय?"

"कुठं म्हणजे? तिच्या घरी."

"मग गुणगुणत कोण होतं? मला खाली ऐकू आलं. मला वाटलं... म्हणून तीन केले."

"मी होते," थोरली म्हणाली आणि तिचे कान लाल झाले.

घड्याळजी हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी एक कप तिच्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला, आणि तिसऱ्याचं काय करावं ते न सुचून ट्रे हातात धरून उभे राहिले. "ओतून टाकू?"

"राहू दे."

तिसरा कप खिडकीत राहिला. त्यावर साय धरली, मग ती सुरकुतली. थोरलीला धाकटीची आठवण आली. म्हणजे रोज यायची, पण रोज ती तिला राग म्हणायची. आज तसं म्हणता येईना. वर्षभर तो भिकार सूर आपल्या खोलीत नव्हता, आणि आपण त्याला शांतता समजत होतो, असं तिला वाटलं. रडताना टाके मोजता येत नाहीत, म्हणून तिनं आधी ओळ संपवली आणि मग रडली.

शनिवारी मोजा झाला. बुटकी निरोप घ्यायला आली, चौकटीला कपाळ लावून आत आली आणि निळ्या लोकरीचा जोड तिनं हातांत चढवला. उजवा असा बसला की जणू तिच्या हातावरच विणला होता. डाव्याच्या आत जाऊन तिचा अंगठा बराच वेळ आपली जागा शोधत होता.

"कसा आहे?" थोरलीनं विचारलं.

"डावा आहे," बुटकी म्हणाली.

याहून मोठं कौतुक थोरलीला नको होतं. मग बुटकीनं तिला मिठी मारली, आणि ती बराच वेळ सोडली नाही. थोरलीचं नाक भाचीच्या कोटाच्या तिसऱ्या बटणावर दाबलं गेलं. तिनं काही तक्रार केली नाही.

रविवारी सकाळी कामगारांना नेणारी गाडी चौकातून सुटणार होती. थोरली आणि घड्याळजी पोचले तेव्हा धाकटी आधीच येऊन उभी होती. रस्त्यावर पाहण्यासारखा ना कठडा होता ना छत, त्यामुळे दोघींची पंचाईत झाली. धाकटीच्या हातांत मोजे नव्हते. थोरलीच्याही नव्हते. वर्षभर पुरे जोड झालेच नव्हते, तर येणार कुठून? टोपलीतल्या ढिगातला एखादा उजवा घालून यावं असं निघताना तिच्या मनात आलं होतं, पण एक हात झाकून धाकटीपुढे जायचं म्हणजे दुसरा कुठंय ते सांगण्यासारखंच होतं.

बुटकी पिशवी टाकून आली. तिच्या उजव्या हातात निळा मोजा होता. डाव्या हातात तपकिरी.

थोरलीनं त्या तपकिरी मोज्याकडे पाहिलं. वेणी वितळून ओतल्यासारखी सलग होती, पीळ डावीकडे, एकसारखा. असा डावा जगात एकच बाई विणते. आपला डावा पोरीनं घातला नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं. आणि पोरीचा हात उबेत राहील म्हणून बरं वाटलं. बरं वाटलं याचा पुन्हा राग आला.

"जोड जुळत नाही तुझा," ती म्हणाली.

"घाटात कोण बघतंय, मावशी?"

"माझा डावा काय झाला?"

"आणि माझा उजवा?" धाकटी म्हणाली. ती बुटकीकडे बघूनच म्हणाली, पण थोरलीनं ऐकलं. धाकटीनं उजवा विणला होता! धाकटीनं!

बुटकीनं खिशातून उरलेले दोन मोजे काढले, एक निळा डावा आणि एक तपकिरी उजवा. दोन्ही इतके वेडेवाकडे होते की रंग वेगळे नसते तर एकाच बाईनं विणलेत असं कुणीही म्हटलं असतं. तिनं निळा आपल्या आईच्या हातात दिला आणि तपकिरी मावशीच्या.

"हे नेण्यासारखे नाहीत," ती म्हणाली. "तुम्हीच वापरा." ती गाडीत चढली, डोकं आपटलं, आणि काच खाली करून ओरडली, "मावशी, आई आठवडाभर लोकरीला शिव्या देतेय! 'मेल्या, वळ की मुकाट्यानं!' मला वाटलं तूच आलीस खाली. दार उघडून बघितलं मी!"

गाडी गेली. वळणावर निळा हात हलला, मग तपकिरी, मग काही दिसेना.

थोरली लोकरीला शिव्या देते हे खरं होतं. पीळ देताना प्रत्येक वेळी देते. आई असताना हळू द्यायची. तिनं हातातला तपकिरी मोजा उलटा करून आतून पाहिला, कारण विणणारी बाई मोजा आधी आतूनच पाहते. टोक आत ओढून दुहेरी गाठ मारलेली होती. दुहेरी गाठ थोरलीची. बोटाला टोचते म्हणून आई तिला जन्मभर ओरडली होती, आणि धाकटी एकेरीसुद्धा मारत नसे, नुसतं टोक गुंफून टाकायची. आता उजवा विणायला बसली, तर तिनं गाठही थोरलीची मारली होती.

थोरलीनं मोजा सुलट केला. बोलायला काहीतरी हवं होतं.

"याचा अंगठा कुठंय?"

"आहे. शोध," धाकटी म्हणाली.

अंगठा करंगळीच्या बाजूला जरासा सरकला होता, पण सापडला. थोरलीनं मोजा घातला. आवळत होता, गाठ टोचत होती, ऊब मात्र होती. धाकटीनं निळा डावा चढवला आणि हात लांब धरून पाहिला.

"वेणी मध्येच झोपलीये."

"तू गुणगुणताना जिथं अडकतेस ना, तिथं."

"मी कुठं गुणगुणते?"

"पन्नास वर्षं गुणगुणतेस."

"आणि तू सांगितलं नाहीस कधी?"

"रोज सांगत होते."

दोघी घराकडे निघाल्या. घड्याळजी चार पावलं मागे राहिले. एकदा खोलीबाहेर घालवलेला माणूस शहाणा होतो. थोरलीचा उजवा हात झाकलेला होता आणि डावा उघडा. धाकटीचा डावा झाकलेला आणि उजवा उघडा. धाकटी लहानपणापासून थोरलीच्या डाव्या बाजूनंच चालायची, आजही तिथंच चालत होती, त्यामुळे दोन उघडे हात शेजारी शेजारी गारठत होते. धाकटीची बोटं लाल होऊन सुजायला लागली होती. बुटकीनं तो गुण कुणाकडून घेतला हे थोरलीला आजवर सुचलंच नव्हतं.

"हात खिशात घाल की," ती म्हणाली.

"खिसे फाटलेत."

"शिवत का नाहीस?"

"सुई कुठंय? दोनच आहेत, त्याही विणायच्या."

थोरलीनं आपल्या कोटाचा डावा खिसा हातानं उघडून धरला. धाकटीनं खिशाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि हात आत घातला. मागोमाग थोरलीनं आपला घातला. खिशात दोन हात मावण्यासारखे नव्हते. मावले.

"माझ्याकडे तीन आहेत," थोडं चालून झाल्यावर थोरली म्हणाली.

"माहीत आहे."

"पाच होतात."

"मला येतो हिशोब, ताई."

ताई हा शब्द वर्षभर कुणी उच्चारला नव्हता. थोरलीनं रस्त्यात घसरायला होतं म्हणून पावलांकडे बघायला सुरुवात केली. रस्त्यावर वाळू टाकलेली होती, घसरत नव्हतं.

"मग सुया घेऊन खाली ये," धाकटी म्हणाली.

"तू वर ये. खुर्ची वर आहे."

"खुर्ची माझी आहे."

"म्हणून तर ये."

असं करत करत दोघी घरापाशी आल्या. बाहेरच्या दाराला कुलूप होतं. धाकटी किल्ली नेत नसे, तिला दार नेहमी बुटकी उघडायची. थोरलीची किल्ली कोटाच्या डाव्या खिशात होती, दोन हातांच्या खाली.

"हात काढ, किल्ली घ्यायचीये," थोरली म्हणाली.

"तू काढ आधी."

"मी मोठी आहे."

"तेच ऐकत आले जन्मभर. तू काढ."

कुणीच काढला नाही. बारीक बर्फ पडायला लागलं होतं, दोघींच्या खांद्यांवर साचत होतं. घड्याळजी मागे उभे होते आणि समोरच्या भिंतीकडे फार लक्ष देऊन बघत होते. दाराची दुसरी किल्ली कायम त्यांच्या बंडीच्या खिशात असे. थोरलीला ते चांगलं ठाऊक होतं. तिनं ती मागितली नाही.